आठवण आणि अलंकार

आमचे ओझर निफाड तालुक्यात येते आणि न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे 1842 साली निफाडला जन्मले. एवढ्या नात्यावर आम्ही ओझरकर रानड्यांना आमचेच समजतो. नाशिकजवळ गोदाकाठी जलालपूर आहे. तिथे 1868 साली लक्ष्मीबाई टिळक जन्मल्या. त्यांनाही आम्ही सोडीत नाही! या दोन घरांतून मराठीला आठवणींची दोन पुस्तके मिळाली : रमाबाई रानड्यांचे ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ (1910) आणि लक्ष्मीबाईंची, 1934 ते 1936 या काळात भागाभागाने निघालेली, ‘स्मृतिचित्रे’. पावसाळा सरता सरता मी ती पुन्हा चाळतो. कारण त्याच सुमारास गावातले कुणी ना कुणी आईच्या किंवा वडिलांच्या वर्षश्राद्धाला छापायचा लेख ‘जरा नजरेखालून घाला’ म्हणून आणून देते.

त्या लेखांत वडील हमखास वटवृक्ष असतात. आई चंदनासारखी झिजलेली असते. लिहिणाऱ्याचे दुःख खरे असते, याबद्दल मला कधी शंका आली नाही. पण तीन घरांतले तीन वडील एकाच वडाखाली उभे केले की त्यांतला तंबाखू मळणारा कोणता आणि पहाटे भूपाळ्या म्हणणारा कोणता, हे नातवंडांना कसे कळावे? माणूस एकदा गेलाच आहे. उपमेच्या गर्दीत तो दुसऱ्यांदा हरवतो.

रमाबाईंपुढे हा मोह किती मोठा असेल! 1901 साली रानडे गेले तेव्हा अवघा देश त्यांच्यासाठी विशेषणे शोधीत होता. ज्ञानसूर्य म्हणा, विद्यासागर म्हणा, कुणी हरकत घेतली नसती. बाईंनी नऊ वर्षांनी पुस्तक काढले, गोपाळ कृष्ण गोखल्यांनी त्याला प्रस्तावना लिहिली, आणि आत काय सापडते? कलकत्त्याच्या मुक्कामात बंगाली शिकू लागलेले रानडे दाढी करायला आलेल्या न्हाव्यालाच शब्द विचारीत बसले आहेत आणि बायकोला हसू आवरत नाही. विद्येची भूक म्हणजे काय, ते या एका न्हाव्याने सांगून टाकले. इतिहासाच्या अभ्यासकाला विद्यासागराचा काडीचा उपयोग नाही. न्हाव्याचा मात्र आहे. तो पुरावा आहे.

तसेच सासरच्या छळाचे. अकराव्या वर्षी लग्न होऊन आलेल्या या मुलीने शिकू नये म्हणून घरातल्या बायकांनी तिला टोचून खाल्ले. त्या बायकांना नागिणी म्हणायला एक ओळ पुरली असती. बाई तसे करीत नाहीत. कोण काय बोलले ते सांगतात आणि पुढे जातात. 1878 साली नाशिकला बदली होऊन नवरा-बायकोचा निराळा संसार मांडला गेला तेव्हा त्यांना काय वाटले असेल, ते आपल्याला त्या आधीच्या पानांवरूनच उमजते. नवऱ्याचे नाव घेण्याचीही चोरी होती त्या काळात. त्या संकोचाचाही या लिखाणाला उपकारच झाला असावा.

परवा एक बाई वडिलांवरचा लेख घेऊन आल्या. वडील इथल्या मिग विमानांच्या कारखान्यात – 1964 साली सुरू झालेल्या – नोकरीला होते. लेखात विमानच विमान : संसाराचे उड्डाण, संकटांचे ढग, शेवटी अनंताकडे झेप. मी विचारले, ‘ताई, घरी आल्यावर ते पहिल्यांदा काय करीत?’ त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, ‘सायकल भिंतीला टेकवून डबा माझ्या हातात देत. कॅन्टीनला गोड असले की अर्धे त्यात असायचे. आम्ही चौघी बहिणी, काका, तर अर्ध्याचे चार भाग.’ बोलता बोलता त्यांनी डोळ्यांना पदर लावला. विमानांच्या दोन पानांत त्यांचा कंठ एकदाही दाटला नव्हता. लेखात आता डबा आहे, ढग गेले. ‘अनंताकडे झेप’ तेवढी त्यांनी हट्टाने ठेवली आणि मीही ठेवू दिली. लेकीचा तेवढा हक्क असतो.

उपमेशी माझे वैर नाही. कमरेचा पट्टा गळ्यात घातला तर हसे होते, हे काश्मीरच्या क्षेमेंद्राने अकराव्या शतकात औचित्याची चर्चा करताना सांगून ठेवले आहे. दागिना टाकून द्या, असे तोही म्हणत नाही.

आणि लक्ष्मीबाईंना अलंकार येत नव्हते, असे तर कुणी म्हणूच नये. टिळकांनी ‘ख्रिस्तायना’चे दहा-अकरा अध्याय लिहून 1919 साली डोळे मिटले; पुढचे 64 अध्याय या बाईंनी रचले. शाळेचे तोंड न पाहिलेल्या बाईंनी! पण आठवणी सांगायला बसल्या की ही कवयित्री पदर खोचून घरातल्या बोलीत बोलते. सोवळ्याच्या वेडापायी बाजारातून आणलेले मीठसुद्धा धुवायला लावणारे वडील आपल्याला हसवतात, आणि हसता हसता त्या घरातल्या पोरीबाळींच्या हालांनी पोटात कालवते. 1895 साली टिळक ख्रिस्ती झाले आणि ऐन पंचविशीतल्या बाईचा संसार उभा चिरला गेला. (पाहा, उपमा माझ्याच लेखणीतून निसटली, त्यांनी हा मोह आवरला.) कुणी काय बातमी आणली, कोण काय म्हणाले, आपण काय केले, एवढेच त्या सांगतात. नवऱ्याला देवमाणूस म्हणत नाहीत आणि दुष्टही म्हणत नाहीत. म्हणून तर हातातले पैसे कुणालाही देऊन टाकणारा तो तापट, भोळा कवी आज आपल्यासमोर चालतोबोलतो.

मुलगा देवदत्त वडिलांचे चरित्र लिहिणार, त्याला टिपणे हवीत, म्हणून हे लेखन सुरू झाले. 1936 च्या फेब्रुवारीत लक्ष्मीबाई गेल्या तेव्हा कहाणी अपुरी होती; पुढचा भाग देवदत्तांनी पुरा केला.