घटस्फोटानंतरचे कर्ज : अमिरातीतील मराठी कुटुंबांनी काय जाणून घ्यावे

घटस्फोटाचा निकाल पती-पत्नीतील नाते संपवतो. बँकेशी झालेला करार मात्र संपवत नाही. संयुक्त अरब अमिरातीत विभक्त होणाऱ्या अनेक दांपत्यांना ही गोष्ट उशिरा, म्हणजे पहिला हप्ता थकल्यावर उमगते. एका वेतनावर दोन घरे चालवण्याची वेळ आली की कालपर्यंत सहज पेललेले कर्ज अचानक जड होते. या प्रसंगी लागू होणारे प्रमुख नियम आणि उपलब्ध मार्ग यांची ही माहिती.

कर्ज कोणाचे?

अमिरातीत काय किंवा भारतात काय, विवाहामुळे पती-पत्नीची मालमत्ता आणि कर्जे आपोआप सामाईक होत नाहीत. ज्याची सही, त्याची जबाबदारी. पतीच्या क्रेडिट कार्डावर पत्नीला दिलेल्या पूरक कार्डाचा खर्च मुख्य कार्डधारकाकडूनच वसूल होतो. घरभाड्यासाठी दिलेल्या पुढील तारखांच्या धनादेशांची जबाबदारी ते लिहिणाऱ्यावर राहते, मग त्या घरात कोणीही राहो. पुण्यातील किंवा ठाण्यातील सदनिकेसाठी दोघांनी मिळून गृहकर्ज घेतले असेल, तर दोघेही संपूर्ण रकमेस बांधील असतात.

‘यापुढील हप्ते पती भरेल’ असे संमतिपत्रात लिहिले तरी ते त्या दोघांपुरतेच असते. बँक त्यात पक्षकार नसल्याने ती दोघांकडेही मागणी करू शकते. म्हणून संमतिपत्रावर सही करण्यापूर्वी घर विकून कर्ज फेडावे, किंवा सहकर्जदाराचे नाव कमी केल्याचे बँकेचे लेखी पत्र मिळवावे. आपल्या नावावर नेमके काय आहे, हे अल इतिहाद क्रेडिट ब्युरोच्या अहवालातून कळते. भारतातील कर्जांसाठी तेथील पत अहवाल स्वतंत्रपणे मागवावा.

कोणता कायदा लागू होतो?

१ फेब्रुवारी २०२३ पासून बिगरमुस्लिमांसाठी अमिरातीत स्वतंत्र नागरी कौटुंबिक कायदा लागू आहे. त्यानुसार दोष सिद्ध न करताही घटस्फोट मिळतो. पोटगी ठरवताना विवाहाचा कालावधी, पत्नीचे वय आणि दोघांची आर्थिक स्थिती यांसारखे निकष पाहिले जातात. दोघांपैकी कोणीही आपल्या मायदेशाचा कायदा लावण्याची मागणी करू शकतो. मुस्लिम कुटुंबांसाठी नवा व्यक्तिगत कायदा १५ एप्रिल २०२५ पासून अमलात आला आहे.

हा निकाल भारतातही ग्राह्य ठरेल का, हा प्रश्न पैशाच्या दृष्टीने कळीचा आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ च्या नरसिंह राव विरुद्ध वेंकट लक्ष्मी या निवाड्यात सांगितले की, परदेशी घटस्फोट विवाह ज्या कायद्याखाली झाला त्या कायद्यास धरून असावा, अथवा दुसऱ्या पक्षाने ते न्यायालय स्वेच्छेने मान्य केलेले असावे. एकतर्फी निकाल मिळवून निश्चिंत झालेल्या व्यक्तीला पुढे भारतात पुन्हा दावा आणि पुन्हा वकिलाचा खर्च सोसावा लागू शकतो. भारतात पोटगीचा दावा चालल्यास २०२० च्या रजनेश विरुद्ध नेहा या निवाड्यानुसार दोघांनाही उत्पन्न, मालमत्ता व कर्जे प्रतिज्ञापत्रावर उघड करावी लागतात.

हप्ता थकण्यापूर्वी

मध्यवर्ती बँकेच्या २०११ च्या नियमांनुसार वैयक्तिक कर्ज वेतनाच्या २० पटींपेक्षा अधिक नसावे, त्याची मुदत ४८ महिन्यांपलीकडे नसावी आणि सर्व हप्ते मिळून वेतनाच्या निम्म्याहून जास्त नसावेत. समजा, १८,००० दिऱ्हम वेतनातून ९,००० हप्त्यांत जातात. उरलेल्या ९,००० मध्ये एक घर चालत होते. आता त्यातूनच दुसरे भाडे आणि पोटगीही द्यायची आहे. हे गणित जुळणार नसेल तर हप्ता चुकण्याआधीच बँकेकडे पुनर्रचनेचा लेखी अर्ज करावा. जुने कर्ज फेडण्यासाठी नवे कार्ड वापरू नये. बँकेकडून दाद न मिळाल्यास ‘सनदक’ या तक्रार निवारण संस्थेकडे जाता येते.

त्यापुढचा मार्ग न्यायालयाचा. व्यक्तींच्या नादारीविषयीचा कायदा जानेवारी २०२० पासून लागू आहे. त्याअन्वये अडचणीतील कर्जदार स्वतः अर्ज करू शकतो. न्यायालय तज्ज्ञ नेमते आणि सर्वसाधारणपणे तीन वर्षांपर्यंतची परतफेड योजना आखली जाते. खात्यात पैसे नसल्याने न वटलेला धनादेश हा २०२२ पासून बहुतांशी फौजदारी गुन्हा राहिलेला नाही. परंतु त्याच्या आधारे थेट वसुलीची कारवाई करता येते, हे विसरू नये.

‘भारतात निघून जाऊ’

हा विचार मनात येणे स्वाभाविक आहे; पण त्याने कर्ज सुटत नाही. १७ जानेवारी २०२० च्या अधिसूचनेने भारत सरकारने अमिरातीस दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ४४-अ खाली आणले. परिणामी तेथील न्यायालयांचे पैशासंबंधीचे हुकूमनामे भारतातील जिल्हा न्यायालयात बजावणीसाठी थेट दाखल करता येतात. शिवाय दिऱ्हम डॉलरशी बांधलेला आहे. रुपयात कमावून दिऱ्हममधील कर्ज फेडणाऱ्यास रुपयाच्या घसरणीचाही भार सोसावा लागतो.

नोकरी सोडण्याआधी ग्रॅच्युइटीचा हिशेब करावा. पहिल्या पाच वर्षांसाठी दरवर्षी २१ दिवसांचे आणि पुढे ३० दिवसांचे मूळ वेतन मिळते. मूळ वेतन ९,००० दिऱ्हम आणि सेवा आठ वर्षे असल्यास १९५ दिवसांचे ५८,५०० दिऱ्हम होतात. ही रक्कम वेतनखात्यात जमा झाल्यावर बँक ती कर्जापोटी अडवू शकते; म्हणून बँकेशी बोलणी आधी करावी.

पतीच्या व्हिसावर असलेल्या स्त्रिया

पतीच्या प्रायोजकत्वावर राहणाऱ्या स्त्रीस घटस्फोटानंतर एक वर्ष निवासाची परवानगी मिळू शकते. त्यासाठी घटस्फोटाचा दाखला, निवासाची सोय आणि उपजीविकेचे साधन दाखवावे लागते. स्वतःच्या नावाचे बँक खाते शक्य तितक्या लवकर उघडावे. विवाहातील दागिने हे स्त्रीधन असून ते पूर्णतः पत्नीचे असते, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये प्रतिभा राणी खटल्यात स्पष्ट केले आहे. ते सासरच्या लॉकरमध्ये किंवा सोनेतारण कर्जात असतील तर त्यांची यादी, पावत्या आणि छायाचित्रे जपून ठेवावीत. दुबईतील भारतीय वकिलातीचे प्रवासी भारतीय सहायता केंद्र मार्गदर्शन करते, आणि अत्यंत गरजू प्रकरणांत भारतीय समुदाय कल्याण निधीतून मदत मागता येते.

आपल्या समाजात घटस्फोटाइतकीच कर्जाचीही लाज बाळगली जाते, आणि या दोन्ही गोष्टी लपवण्यात मोलाचे महिने निघून जातात. कर्जदाराच्या हातात सर्वाधिक पर्याय असतात ते पहिला हप्ता चुकण्यापूर्वी.

(हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. प्रत्यक्ष निर्णयापूर्वी दोन्ही देशांतील कायदा जाणणाऱ्या वकिलाचा सल्ला घ्यावा.)