कूपक खनन व त्याची यंत्रसामग्री

कूपक खनन : जमिनीच्या पृष्ठभागापासून उभ्या अथवा तीव्र उताराच्या दिशेने खाली खोदलेल्या आणि खोलीच्या मानाने अरुंद असलेल्या मार्गास कूपक असे म्हणतात. खनिजापर्यंत पोहोचणे, माणसे व माल यांची ने-आण करणे, पाणी उपसणे व हवा खेळती ठेवणे ही खाणीतील कूपकाची कामे होत. बोगदे व जलविद्युत् केंद्रे यांच्यासाठीही कूपक खोदावे लागतात. खोदण्याच्या तंत्रापुरते पाहिल्यास शेतातील विहीर हाही एक कूपकच होय. पश्चिम महाराष्ट्राच्या काळ्या कातळात खोल खाणी नाहीत, विहिरी मात्र गावोगाव आहेत. त्यामुळे या प्रदेशातील कूपक खननाचा इतिहास हा मुख्यतः विहिरींचा इतिहास आहे. पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागात भीमेच्या काठी असलेले पळसदेव व त्याभोवतीचा इंदापूर तालुका या दृष्टीने लक्षणीय आहे. कारण हाताने खोदलेली विहीर, यारीने उपसलेली विहीर आणि नदीजोड बोगद्याचा कूपक हे तिन्ही प्रकार या एकाच तालुक्यात पाहावयास मिळतात.

कूपक खोदताना तळाचा खडक फोडणे, फोडलेला दगड वर काढणे, उघड्या पडलेल्या बाजू सावरणे आणि पाण्याचा व दूषित हवेचा निचरा करणे ही चार कामे एकाच अरुंद जागेत करावी लागतात. बोगद्यात मागे सरकण्यास जागा असते, कूपकाच्या तळाशी ती नसते. वरून सुटलेला मुठीएवढा दगडही तेथे प्राणघातक ठरतो. या चार कामांपैकी पहिल्याला यंत्रांची जोड सर्वांत झपाट्याने मिळत गेली. दगड वर काढणे आणि बाजू सावरणे यांची सुधारणा मोठ्या खाणींत झाली, पण लहान कामांपर्यंत ती पुरेशी पोहोचली नाही. इंदापूर तालुक्यात २०१७ व २०२३ साली घडलेल्या दोन दुर्घटना नेमक्या याच दोन कामांशी निगडित आहेत.

यंत्रसामग्रीचा विकास : सोळाव्या शतकातील यूरोपीय खाणींची साधने गेओर्क आग्रिकोला यांच्या १५५६ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथातील चित्रांवरून स्पष्ट होतात. त्यांत हाताने फिरवायचा रहाट, घोड्यांनी फिरवायचे उभ्या आसाचे चक्र आणि जलचक्रावर चालणारे उपशाचे यंत्र दाखविले आहे. खडक फोडण्यासाठी त्या काळी छिन्नी-हातोडा वापरीत, किंवा खडक जाळ लावून तापवीत आणि थंड होताना तो तडकला की उकलून काढीत. खाणीत बंदुकीच्या दारूचा सुरुंग १६२७ साली आजच्या स्लोव्हाकियातील बान्स्का श्त्यावनित्सा येथे लावला गेला. त्यानंतर दोन शतके सुरुंगाची वात हाच मोठा धोका होता. ती किती वेळात जळेल याचा भरवसा नसे. कॉर्नवॉलमधील विल्यम बिकफर्ड यांनी १८३१ साली ठराविक गतीने जळणारी सुरक्षित वात तयार केली. आल्फ्रेड नोबेल यांचे डायनामाइट १८६७ मध्ये आले. आल्प्स पर्वतातील फ्रेझ्यूस बोगद्यात १८६१ पासून संपीडित हवेवर चालणारी वेधन यंत्रे वापरली गेली आणि तीच पुढे कूपकांच्या तळाशी उतरली. संपीडित हवेचा येथे दुहेरी उपयोग होतो. यंत्र चालविल्यानंतर बाहेर पडणारी हवा तळाशी काम करणाऱ्यांना श्वसनासाठीही थोडीफार उपयोगी पडते.

उपशाच्या बाजूने महत्त्वाचा टप्पा म्हणजे तारदोर. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत ताग-अंबाडीसारख्या धाग्यांचे दोर किंवा लोखंडी साखळ्या वापरीत. दोर ओलाव्याने कुजत. साखळीची एक कडी निकामी झाली की सगळी साखळी तुटे, आणि कडी तुटण्यापूर्वी तशी सूचना मिळत नसे. जर्मनीतील हार्ट्‌स पर्वताच्या खाणींतील अधिकारी व्हिल्हेल्म आल्बेर्ट यांनी १८३४ साली लोखंडी तारा पिळून केलेला दोर वापरात आणला. तारदोरातील एकेक तार तुटू लागली तरी उरलेल्या तारा भार पेलतात आणि तुटलेली टोके डोळ्यांना दिसतात. दोर निकामी होण्याआधी तो तपासून बदलता येणे, ही या शोधातील खरी क्रांती होय. अर्थात दोर कोणी तरी नियमाने तपासला तरच तिचा लाभ मिळतो. कार्ल फ्रीड्रिख क्योपे यांनी १८७७ मध्ये दोर पिंपावर न गुंडाळता चाकावरील घर्षणाने ओढण्याची पद्धत काढली आणि त्यामुळे अधिक खोल कूपक शक्य झाले.

पाणथळ व ठिसूळ थरांसाठी वेगळ्या युक्त्या निघाल्या. फ्रेंच अभियंता त्रिझे यांनी १८४० च्या सुमारास ल्वार नदीकाठी संपीडित हवेच्या दाबाने पाणी मागे रेटून कूपक उतरविला. एफ. एच. प्योच यांच्या १८८३ च्या पद्धतीत नियोजित कूपकाभोवती छिद्रांचे कडे पाडून त्यांतून शून्याखालील तापमानाचे मिठाचे पाणी फिरवितात. सभोवतालची ओली जमीन गोठून बर्फाची भिंत तयार होते आणि तिच्या आत कोरडे खोदकाम करता येते. कातळ प्रदेशात या पद्धतीची गरज भासत नाही.

विसाव्या शतकात दक्षिण आफ्रिकेतील सोन्याच्या खाणींनी या तंत्राला पूर्णत्व दिले. तेथे कूपकात अनेक मजल्यांचा लोंबता मंच सोडतात. त्याच्या खालच्या बाजूस पंजाच्या आकाराचे यंत्र फोडलेला दगड उचलून डोलांत भरते, तर वरच्या मजल्यांवर त्याच वेळी काँक्रीटचे अस्तर चालू असते. खोदकाम आणि अस्तर यांच्यात थोडेच अंतर राहत असल्याने उघडी बाजू फार काळ निराधार राहत नाही. मार्च १९६२ मध्ये बफेल्सफाँटेन येथे एका महिन्यात ३८१ मी. खोल कूपक खणला गेला, तो याच सुसूत्र व्यवस्थेमुळे. त्याच दशकात खालून वर कोरत नेणारे यंत्र प्रचारात आले. प्रथम वरून एक लहान छिद्र खालच्या बोगद्यापर्यंत पाडतात, मग तेथे दांड्याला मोठे दातेरी शीर्ष जोडून ते फिरवीत वर ओढतात. चुरा आपोआप खाली पडतो आणि खोदताना कूपकात माणूस उतरावाच लागत नाही. मात्र त्यासाठी खाली आधीच वाट असणे आवश्यक आहे. विहिरीला अशी वाट नसते, त्यामुळे विहीर खोदणाऱ्याला या सर्वांत सुरक्षित यंत्राचा उपयोग नाही.

भारतात खोल कूपकांची परंपरा कोलारच्या सोन्याच्या खाणींनी निर्माण केली. त्या ३ किमी.पेक्षा खोल गेल्या, १९०२ मध्ये त्यांना शिवसमुद्रम् येथील वीज मिळाली आणि २००१ मध्ये त्या बंद झाल्या. महाराष्ट्रात नागपूर व भंडारा जिल्ह्यांतील मँगॅनीजच्या खाणी हे प्रमुख उदाहरण असून चिखला, गुमगाव इ. ठिकाणी भूमिगत खननासाठी उभे कूपक आहेत. वरोडा येथील सरकारी कोळसा खाण १९०६ मध्ये बंद पडली. खाणींतील दोर व उपसायंत्रे यांची तपासणी १९५२ चा खाण अधिनियम व धातुखाणींसाठीचे १९६१ चे विनियम यांनी बंधनकारक केली.

इंदापूर परिसर : सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येणाऱ्या या तालुक्यात पाऊस कमी व बेभरवशाचा आहे. नीरा डाव्या कालव्याचे पाणी १८८५ च्या सुमारास बारामती-इंदापूरच्या दक्षिण भागास मिळू लागले. कालव्याच्या वरच्या अंगाला राहिलेल्या गावांना विहिरीवाचून गत्यंतर नव्हते. येथील विहीर खोदणारे माती, मुरूम, मांजऱ्या आणि काळा पाषाण असा थरांचा क्रम सांगतात. मांजऱ्या म्हणजे सच्छिद्र, भेगाळ बेसाल्ट. पाणी बहुधा त्यात किंवा दोन लाव्हाथरांच्या सांध्यात लागते. पाषाण कठीण असला तरी स्वतः उभा राहतो. माती-मुरुमाचा वरचा भाग मात्र बांधून काढावा लागतो. हे ज्ञान जुने आहे. साताऱ्याजवळील लिंब येथील बारामोटेची विहीर (१७१९–२४) सुमारे ११० फूट खोल असून तिचे दगडी बांधकाम आजही सुस्थितीत आहे. अशा विहिरींवर बैलांच्या मोटेने पाणी काढीत; नाडा व सोंदूर या दोन दोरांची झीज पाहून ते वेळीच बदलण्याची दक्षता शेतकरी घेत असे, कारण नाडा तुटला तर मोट तर जाईच, शिवाय धावेवरील बैलही कोलमडत.

विहीर खोदण्याचे काम मुख्यतः वडार समाजाच्या कारागिरांनी केले. पहार, घण, छिन्नी, टिकाव व घमेले ही त्यांची साधने. कातळात हाताने भोक पाडून त्यात दारू ठासीत आणि बार उडवीत. उडालेला दगड टोपल्यांतून डोक्यावरून किंवा रहाटाने वर येई. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या कामात दोन यंत्रे आली. एक म्हणजे ट्रॅक्टरवर बसविलेला हवेचा संपीडक व त्यावर चालणारे हातवेधन यंत्र; त्यामुळे दिवसाचे काम तासावर आले. दुसरे यंत्र म्हणजे यारी. विहिरीच्या काठावर रोवलेला खांब, त्याला फिरता बाहू, टोकाला कप्पी, तारदोर गुंडाळणारे पिंप, ते फिरविणारे डिझेल एंजिन आणि हाताने किंवा पायाने दाबायचा गतिरोधक, असे तिचे साधे स्वरूप आहे. एंजिनाने लोखंडी बादली वर येते, बाहू फिरवून ती काठाबाहेर रिकामी करतात आणि गतिरोधक सैल सोडून पुन्हा खाली सोडतात. दगडासाठी हे यंत्र उत्तम आहे. माणसासाठी ते रचलेलेच नाही. खाणीतील पाळण्याला असणारे मार्गदर्शक रूळ आणि अतिरिक्त ओढ रोखणारी योजना यांपैकी काहीही त्यात नसते. तरीही उतरण्या-चढण्याचा तोच सोपा मार्ग असल्याने मजूर त्याच बादलीत पाय ठेवून ये-जा करतात.

१९७२ च्या दुष्काळाने विहिरी खोल करण्याच्या कामाला मोठी गती दिली. त्याच सुमारास छिद्राच्या तळाशीच हातोडा मारणारी वायुचलित वेधन यंत्रे राज्यात पसरली आणि १५ सेंमी. व्यासाची कूपनलिका विहिरीची जागा घेऊ लागली. कूपनलिकेत माणूस उतरत नाही, हा तिचा मोठा गुण. परंतु ती पाणी साठवू शकत नाही. उजनी धरण १९८० साली पूर्ण झाल्यावर जुने पळसदेव व तेथील पळसनाथाचे मंदिर जलाशयाखाली गेले. गाव पुणे-सोलापूर महामार्गालगत वर आले. जलाशय तीव्र आटला की मंदिर उघडे पडते. उपसा सिंचन व ऊस वाढला तशी काठावर, तसेच तालुक्याच्या कोरड्या भागात, पाणी साठवू शकणाऱ्या रुंद व खोल विहिरींची मागणीही वाढली. पोकलेन यंत्रामुळे अशी विहीर थोड्या दिवसांत खणता येऊ लागली. परिणामी, पूर्वी महिनोन् महिने चालणारे खोदकाम आणि त्याबरोबर टप्प्याटप्प्याने होणारे बांधकाम यांची सांगड सुटली. आता आधी खोल खड्डा आणि मागाहून काँक्रीटचे कडे, असा क्रम शक्य झाला आहे. दक्षिण आफ्रिकेच्या खाणींनी जे एकत्र आणले, ते येथे वेगाने वेगळे केले.

कृष्णा-भीमा स्थिरीकरण प्रकल्पातील नीरा-भीमा जोडबोगदा सुमारे २४ किमी. लांबीचा असून नीरेचे पाणी उजनी जलाशयात आणणे हा त्याचा हेतू आहे. इतका लांब बोगदा केवळ दोन टोकांनी खोदल्यास कामाची दोनच तोंडे मिळतात. मध्ये कूपक घेतल्यास प्रत्येकाच्या तळाशी आणखी दोन मिळतात. त्यासाठी इंदापूर तालुक्यात कूपक खोदण्यात आले. त्यांपैकी अकोले येथील कूपकात २० नोव्हेंबर २०१७ रोजी संध्याकाळी, काम संपवून वर येणाऱ्या कामगारांना यारीने उचलत असताना दोर तुटला आणि आठ कामगार मृत्युमुखी पडले. त्यांतील बहुतेक परप्रांतांतून आलेले होते. १ ऑगस्ट २०२३ रोजी याच तालुक्यातील म्हसोबाची वाडी येथे शंभर फुटांहून अधिक खोल विहिरीच्या काँक्रीट कड्याचे काम चालू असताना माती व बांधकाम कोसळून चार मजूर गाडले गेले. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या मदतीने ढिगारा उपसून त्यांचे मृतदेह बाहेर काढण्यास तीन दिवसांच्या आसपास लागले. ज्या यंत्रांनी खड्डा भराभर खणला, त्यांनाच ढासळत्या काठाजवळ जपून चालवावे लागत होते.

या दोन्ही कूपकांना खाण अधिनियम लागू नव्हता, कारण त्यातील व्याख्येनुसार खनिज शोधण्यासाठी वा काढण्यासाठी केलेले खोदकाम म्हणजेच खाण. मँगॅनीजच्या खाणीत माणसे वाहणाऱ्या तारदोराचे टोक दर सहा महिन्यांनी कापून नव्याने बसवावे लागे आणि तपासणीची नोंद ठेवावी लागे. विहिरीवरील यारीच्या दोरास असे कोणतेही नोंदपुस्तक नसे. बोगद्यासारख्या बांधकामांसाठी १९९६ चा बांधकाम कामगारविषयक अधिनियम होता, पण तो दहा वा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांपुरता होता. विहिरीवरील टोळीत बहुधा चार-सहा माणसे असतात.