हाउलर माकड : नामेतिहास

मध्य व दक्षिण अमेरिकेच्या अरण्यांत राहणारी, ॲलौआटा या वंशातील माकडे. शेपटीने फांदी पकडून ती झाडांच्या शेंड्यांवर वावरतात आणि मुख्यतः पाने व फळे खातात. पहाटेच्या सुमारास कळपातील नर जो घोगरा, दीर्घ आवाज काढतात, तो सु. ३ किमी. किंवा त्याहूनही दूर ऐकू जातो. नराच्या गळ्यातील कंठास्थी फुगून पोकळ पेल्यासारखे झालेले असते व त्यामुळे आवाज घुमतो. ‘हाउलर’ म्हणजे ओरडणारा, हे इंग्रजी नाव त्यावरूनच पडले. मराठीत वानराच्या नराला त्याच्या ‘हुप’ या आवाजावरून हुप्या म्हणतात, तसाच हा प्रकार होय. मात्र या माकडाच्या इतर नावांचा इतिहास इतका सरळ नाही.

ब्राझीलमधील तुपी भाषेत त्याला ‘ग्वारिबा’ म्हणत. हे नाव यूरोपीय विद्वानांपर्यंत प्रामुख्याने जर्मन निसर्गवैज्ञानिक गेओर्ख मार्कग्राफ याच्या १६४८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथामुळे पोहोचले. ही माकडे सभा भरवितात, एक उंच जागी बसून बोलतो व बाकीचे ऐकतात, असे त्याने नोंदविले. पुढे बराच काळ ‘प्रवचनकार माकड’ ही कल्पना पुस्तकांतून फिरत राहिली. गियानातील कॅरिब लोकांच्या शब्दावरून फ्रेंचांनी ‘अलुआत’ हे रूप घेतले, तर व्हेनेझुएलात त्याच शब्दकुळातील ‘अराग्वातो’ रूढ झाले.

लिनीअसने १७६६ मध्ये यांतील दोन जातींना लॅटिन नावे दिली. लाल हाउलरला त्याने ‘सेनिक्युलस’, म्हणजे लहानसा म्हातारा, म्हटले. दाढीमुळे ते शोभते. दुसऱ्या जातीला मात्र बायबलातील सैतानी नाव ‘बेल्झेबुल’ मिळाले. मूळ रहिवाशांनी माकडाला जे नाव दिले होते त्यात सैतान कोठेच नव्हता; तो नाव देणाऱ्याच्या मनातला होता. लासेपेद याने १७९९ मध्ये ‘अलुआत’वरून ‘ॲलौआटा’ हे वंशनाम केले. त्यानंतर इलिगरने १८११ मध्ये ‘मायसीटीझ’ (ग्रीक : हंबरणारा) व जॉफ्रवाने १८१२ मध्ये ‘स्टेंटॉर’ ही नावे सुचविली. स्टेंटॉर हा इलियडमधील, पन्नास माणसांइतका आवाज असलेला पुकारा करणारा वीर होय. एकोणिसाव्या शतकातील ग्रंथांत, डार्विनच्याही, ‘मायसीटीझ’च आढळते. तथापि अग्रक्रमाच्या नियमानुसार जुने नाव पुन्हा आले आणि ग्रीक पांडित्यावर कॅरिब शब्दाने मात केली.

बोलीभाषांतील नावेही कमी उद्बोधक नाहीत. दक्षिण ब्राझीलमध्ये त्यास ‘बुझियो’ म्हणतात. हा पोर्तुगीज शब्द अल्जीरियातील बुझिया (बेजाया) या बंदरावरून आला असून तेथून यूरोपात माकडे नेली जात. ग्वारानी भाषेतील ‘काराया’ हा शब्द काळ्या हाउलरच्या शास्त्रीय नावात आहे. ब्राझीलमधील काराझा जमातीचे नावही मोठे माकड अशा अर्थाच्या तुपी शब्दावरून परक्यांनी पाडलेले आहे. ते लोक स्वतःला ‘इनी’ म्हणवितात. माया संस्कृतीत मात्र माकडाचे नाव मानाचे होते. पोपोल वुह या ग्रंथात हुन बाट्झ व हुन चोवेन हे कलानिपुण भाऊ माकडे होतात. बाट्झ म्हणजे हाउलर, आणि माया पंचांगातील एका दिवसाचेही हेच नाव आहे.

ओरडण्याचा खरा अर्थ उलगडण्यास विसावे शतक उजाडावे लागले. अमेरिकन शास्त्रज्ञ सी. आर. कार्पेंटर याने पनामातील बारो कोलोरॅडो बेटावर निरीक्षणे करून १९३४ मध्ये प्रबंध प्रसिद्ध केला. कळप आवाजाने एकमेकांस आपला ठावठिकाणा कळवितात व समोरासमोरची झुंज टाळतात, असे त्याने दाखविले. आक्रोश, प्रवचन वा सैतानी गर्जना यांपेक्षा हे पुष्कळच व्यवहारी प्रयोजन होय.

या माकडांना पीतज्वर लवकर जडतो. ब्राझीलमध्ये २०१६–१८ या काळातील साथीत तपकिरी हाउलर हजारोंच्या संख्येने मेले. त्यातच माकडे रोग पसरवितात या समजुतीने लोकांनी काही ठिकाणी ती मारली. वास्तविक रोग डासांमार्फत पसरतो आणि हाउलरचे मृत्यू हीच माणसाला मिळणारी पहिली सूचना असते. त्रिनिदादमध्ये तर अरण्यातून त्यांचा आवाज येईनासा झाला की पीतज्वर आला, असे लोक पूर्वीपासून ओळखत.