सिस्टिक फायब्रोसिस-संबंधित मधुमेह

सिस्टिक फायब्रोसिस-संबंधित मधुमेह हा सिस्टिक फायब्रोसिस या आनुवंशिक आजाराच्या रुग्णांमध्ये उद्भवणारा मधुमेहाचा स्वतंत्र प्रकार आहे. प्रकार १ व प्रकार २ या दोन्हींशी त्याचे काही साम्य असले, तरी त्याची कारणे आणि आहाराचे नियम वेगळे आहेत. या आजाराच्या किशोरवयीन रुग्णांपैकी सुमारे २० टक्के, तर प्रौढांपैकी ४० ते ५० टक्के जणांना तो होतो.

कारणे

सिस्टिक फायब्रोसिस हा सातव्या गुणसूत्रावरील सीएफटीआर जनुकातील दोषामुळे होतो. हा जनुक १९८९ मध्ये शोधला गेला. आई व वडील या दोघांकडूनही सदोष जनुक आल्यासच अपत्यास आजार होतो. शरीरातील स्राव घट्ट होऊन स्वादुपिंडाच्या नलिका तुंबतात आणि ग्रंथीच्या ऊतींची जागा तंतुमय ऊती व मेद घेतात. परिणामी इन्सुलिनचे प्रमाण घटते. फुफ्फुसांचा संसर्ग व स्टेरॉइड औषधे यांमुळे रक्तशर्करा आणखी वाढते. इन्सुलिनची निर्मिती सहसा पूर्णपणे थांबत नसल्याने कीटोॲसिडोसिस क्वचितच आढळतो.

निदान

अनेक रुग्णांत सुरुवातीला कोणतेही ठळक लक्षण नसते. अकारण वजन घटणे, मुलांची वाढ खुंटणे किंवा फुफ्फुसांची क्षमता कमी होणे हीच पहिली खूण असू शकते. म्हणून वयाच्या १० व्या वर्षापासून दरवर्षी ग्लुकोज सहनशीलता चाचणी करण्याची शिफारस केली जाते. ग्लुकोज प्यायल्यानंतर दोन तासांनी रक्तशर्करा २०० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर किंवा अधिक असल्यास मधुमेहाचा निष्कर्ष काढला जातो. स्पष्ट लक्षणे नसल्यास चाचणी पुन्हा करून खात्री केली जाते. एचबीए१सी चाचणीत साखर प्रत्यक्षाहून कमी दिसण्याचा संभव असतो; त्यामुळे केवळ तिच्यावर विसंबून मधुमेह नाही असे ठरवत नाहीत.

उपचार व आहार

इन्सुलिन हा मुख्य उपचार होय. ते साखर नियंत्रित करते, तसेच वजन व स्नायू टिकवण्यास मदत करते.

मधुमेह म्हटला की जेवण कमी करावे, तूप-तेल टाळावे, असा सर्वसाधारण समज आहे. या रुग्णांसाठी तो घातक ठरू शकतो. अन्नाचे पचन अपुरे होत असल्याने व फुफ्फुसांच्या आजारात ऊर्जा अधिक खर्च होत असल्याने त्यांना भरपूर उष्मांक, स्निग्ध पदार्थ आणि मीठ लागते. त्यामुळे भाकरी, तूप, दूध, अंडी, शेंगदाणे हे पदार्थ आहारात राहतात. आहार कमी न करता त्यातील कर्बोदकांनुसार इन्सुलिनची मात्रा ठरवली जाते. साखरयुक्त शीतपेये मात्र टाळली जातात. पाचक विकरांच्या कॅप्सूल जेवणाबरोबर घ्याव्या लागतात.

दैनंदिन जीवन

रक्तशर्करेची तपासणी, इन्सुलिन, विकरे व श्वसनाचे व्यायाम अशी दिनचर्या सांभाळावी लागते. साखर अचानक उतरल्यास त्वरित उपयोगी पडावे म्हणून ग्लुकोज किंवा साखर जवळ ठेवली जाते.

बीड जिल्ह्यातील सिरसाळ्यासारख्या ग्रामीण भागात हवामानाचीही भर पडते. रुग्णांच्या घामातून मीठ अधिक जाते, त्यामुळे मराठवाड्यातील उन्हाळ्यात क्षार व पाण्याची कमतरता लवकर उद्भवू शकते. न वापरलेले इन्सुलिन २ ते ८ अंश सेल्सियसला ठेवणे आवश्यक असते. शीतकपाट नसल्यास किंवा वीज खंडित झाल्यास ओल्या मातीच्या मडक्यात कोरड्या डब्यात ठेवून ते उष्णतेपासून काही प्रमाणात वाचवता येते. ऊसतोडीसाठी दरवर्षी काही महिने स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांत औषधसाठा व नियमित तपासणी यांचे नियोजन आधीच करावे लागते.

शासकीय धोरण

भारताच्या २०२१ च्या राष्ट्रीय दुर्मिळ आजार धोरणात सिस्टिक फायब्रोसिसचा समावेश आहे. या धोरणांतर्गत मुंबईतील केईएम रुग्णालय हे उत्कृष्टता केंद्रांपैकी एक आहे.