व्यवसाय व्यवस्थापन प्रणाली आणि विदा संरक्षण

व्यवसाय व्यवस्थापन प्रणाली म्हणजे एखाद्या संस्थेचे हिशेब, साठा, विक्री, कर्मचारी, ग्राहक आणि सभासद यांच्या नोंदी एकत्र ठेवणारी संगणकीय आज्ञावली होय. अशा प्रणालीत व्यक्तींची नावे, पत्ते, भ्रमणध्वनी क्रमांक, आधार क्रमांक, बँक खाती, थकबाकी, जमिनीचे तपशील इत्यादी वैयक्तिक माहिती साठविली जाते. ही माहिती गोळा करण्यापासून ती नष्ट करण्यापर्यंतची कर्तव्ये भारतात डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियम, २०२३ या कायद्याने घालून दिली आहेत. त्यांचे पालन करण्यासाठी व्यवस्थापन प्रणालीचा उपयोग कसा होतो आणि त्या उपयोगाच्या मर्यादा कोणत्या, हा या लेखाचा विषय आहे. महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात हा प्रश्न प्रामुख्याने विविध कार्यकारी सेवा सहकारी संस्था, पतसंस्था, अडत दुकाने आणि कृषी सेवा केंद्रे यांच्या संदर्भात उपस्थित होतो.

संज्ञा

'विदा' हा इंग्रजीतील 'डेटा' या शब्दासाठी मराठीत रुळलेला प्रतिशब्द आहे. ज्या व्यक्तीविषयीची माहिती असते, तिला कायद्याच्या इंग्रजी पाठात 'डेटा प्रिन्सिपल' म्हटले आहे. या लेखात तिच्यासाठी 'संबंधित व्यक्ती' असा शब्दप्रयोग केला आहे. माहिती कोणत्या हेतूने व कोणत्या साधनांनी वापरायची हे जी संस्था ठरविते, ती 'डेटा फिड्युशिअरी' म्हणजेच विदा-विश्वस्त होय. विश्वस्ताच्या वतीने माहितीवर प्रक्रिया करणारा 'डेटा प्रोसेसर' हा प्रक्रियक ठरतो. एखाद्या पतसंस्थेने बाहेरच्या कंपनीची आज्ञावली भाडेतत्त्वावर घेतली आणि माहिती त्या कंपनीच्या सर्व्हरवर ठेवली, तर पतसंस्था ही विश्वस्त आणि कंपनी ही प्रक्रियक होय. प्रक्रियकाकडून झालेल्या कामाचीही कायदेशीर जबाबदारी विश्वस्तावरच राहते, आणि प्रक्रियकाची नेमणूक वैध कराराशिवाय करता येत नाही.

कायदेशीर पार्श्वभूमी

माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ४३-अ मध्ये आणि त्याखालील २०११ च्या नियमांत संवेदनशील वैयक्तिक माहितीच्या सुरक्षिततेविषयी तरतूद होती. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या घटनापीठाने पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचा निर्णय दिला. त्याच सुमारास केंद्र सरकारने निवृत्त न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. समितीने जुलै २०१८ मध्ये आपला अहवाल सादर केला. त्यावर आधारित विधेयक डिसेंबर २०१९ मध्ये लोकसभेत मांडण्यात आले. संयुक्त संसदीय समितीच्या छाननीनंतर ऑगस्ट २०२२ मध्ये ते मागे घेण्यात आले. नव्याने तयार केलेले विधेयक ऑगस्ट २०२३ मध्ये दोन्ही सभागृहांत संमत झाले आणि ११ ऑगस्ट २०२३ रोजी त्यास राष्ट्रपतींची मान्यता मिळाली.

अधिनियमाखालील नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने होते. विदा संरक्षण मंडळाच्या स्थापनेसंबंधीच्या तरतुदी तत्काळ लागू झाल्या, संमती व्यवस्थापकांच्या नोंदणीची तरतूद एका वर्षाने, तर संस्थांची मुख्य कर्तव्ये अठरा महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये लागू होतात.

हा कायदा मुळात डिजिटल स्वरूपात गोळा केलेल्या माहितीला लागू आहे. त्याचबरोबर कागदावर गोळा करून नंतर संगणकात उतरविलेल्या माहितीलाही तो लागू होतो. केवळ कागदी खतावणीत राहिलेली नोंद त्याच्या कक्षेत येत नाही. त्यामुळे जुन्या खतावण्यांचे संगणकीकरण करताच संस्थेची कायदेशीर स्थिती बदलते.

प्रणालीची कार्ये

सूचना आणि संमती. माहिती घेण्यापूर्वी संबंधित व्यक्तीस कोणती माहिती, कोणत्या कारणासाठी घेतली जात आहे आणि तक्रार कोठे करावी याची स्पष्ट सूचना द्यावी लागते. ही सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील कोणत्याही भाषेत मिळण्याचा पर्याय व्यक्तीस असतो. मराठी ही त्यांपैकी एक आहे. संमती मुक्त, विशिष्ट, बिनशर्त आणि स्पष्ट कृतीतून व्यक्त झालेली असावी लागते. ती जितक्या सहजपणे दिली, तितक्याच सहजपणे मागे घेता आली पाहिजे. वाद उद्भवल्यास सूचना दिली होती व संमती घेतली होती हे सिद्ध करण्याचा भार विश्वस्तावर असतो. म्हणून प्रणालीत प्रत्येक संमतीचा दिनांक, सूचनेचा त्या वेळचा मजकूर आणि संमतीचा हेतू यांची स्वतंत्र नोंद असणे आवश्यक ठरते. अर्जाच्या शेवटी छापलेले 'सर्व अटी मान्य' हे एक वाक्य या कसोटीस पुरे पडत नाही. शासकीय अनुदान व लाभ, वैद्यकीय आणीबाणी, न्यायालयाचा आदेश अशा काही प्रयोजनांसाठी कायद्याने संमतीविना प्रक्रियेची मुभा ठेवली आहे.

प्रवेशाधिकार. प्रत्येक कर्मचाऱ्यास स्वतंत्र परवलीचा शब्द आणि त्याच्या कामापुरतीच माहिती दिसणे, ही सुरक्षिततेची पहिली पायरी होय. खत विक्रीचा हिशेब ठेवणाऱ्या कर्मचाऱ्यास सभासदाची कर्जथकबाकी दिसण्याचे कारण नसते. एकच परवलीचा शब्द सर्वांनी वापरल्यास माहिती कोणी पाहिली हे नंतर सांगता येत नाही. आधार क्रमांकाचे पहिले आठ अंक झाकून केवळ शेवटचे चार दाखविण्याची सोयही याच प्रकारात मोडते.

नोंदींचा मागोवा. २०२५ च्या नियमांनुसार माहिती कोणी व केव्हा हाताळली याच्या नोंदी किमान एक वर्ष ठेवाव्या लागतात. लेखा प्रणालींत ही सोय वेगळ्या कारणाने आधीच आली होती. कंपन्यांनी वापरावयाच्या लेखा आज्ञावलीत प्रत्येक बदलाचा न पुसता येणारा मागोवा राहिला पाहिजे, असा नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झाला. त्यानुसार टॅलीसारख्या प्रचलित आज्ञावलींत बदलनोंदीची सुविधा देण्यात आली. मात्र हिशेबातील बदलाची नोंद आणि माहिती केवळ पाहिल्याची नोंद या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिली असली म्हणजे दुसरी असतेच असे नाही.

जतन आणि विलोपन. हेतू पूर्ण झाल्यावर किंवा संमती मागे घेतल्यावर माहिती पुसून टाकावी लागते. परंतु अन्य कायद्याने जतन आवश्यक असेल तर ती ठेवावी लागते. कंपनी कायद्यानुसार हिशेबाची पुस्तके आठ वर्षे, तर वस्तू व सेवा कराच्या नोंदी वार्षिक विवरणपत्राच्या देय दिनांकापासून ७२ महिने जपावयाच्या असतात. त्यामुळे ग्राहकाने सांगितले तरी त्याच्या बीजकाची नोंद लगेच पुसता येत नाही. मात्र जाहिरातीसाठी ठेवलेला त्याचा भ्रमणध्वनी क्रमांक काढून टाकता येतो, किंबहुना काढावाच लागतो. एकाच व्यक्तीच्या माहितीतील निरनिराळ्या घटकांना निरनिराळी मुदत लावण्याची सोय प्रणालीत असावी लागते ती यासाठी.

माहितीभंगाची सूचना. माहिती चोरीस गेली, उघड झाली किंवा नष्ट झाली तर संबंधित व्यक्तींना व विदा संरक्षण मंडळाला विनाविलंब कळवावे लागते, आणि सविस्तर अहवाल ७२ तासांत मंडळाकडे द्यावा लागतो. सर्ट-इन या केंद्रीय संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सायबर घटनांची माहिती त्या संस्थेस सहा तासांत देण्याचे बंधन स्वतंत्रपणे आहे.

सहकारी संस्थांचे संगणकीकरण

महाराष्ट्रात पीककर्जाची सहकारी रचना तीन स्तरांची आहे: गावपातळीवर विविध कार्यकारी संस्था, जिल्हा पातळीवर मध्यवर्ती बँक आणि राज्य पातळीवर राज्य सहकारी बँक. गावच्या संस्थेचे दप्तर परंपरेने गटसचिवाच्या ताब्यात असते. सभासद नोंदवही, कर्ज खतावणी, सातबारा व आठ-अचे उतारे, जमिनीवरील बोजासाठी करून दिलेले इकरार आणि बेबाकी दाखले या सर्वांचा त्यात समावेश होतो.

केंद्रीय मंत्रिमंडळाने २९ जून २०२२ रोजी देशातील ६३,००० प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या संगणकीकरणाची योजना मंजूर केली. तिचा मूळ अंदाजित खर्च २,५१६ कोटी रुपये होता. योजनेखाली नाबार्डच्या देखरेखीत सर्व संस्थांसाठी एकच एकात्मिक व्यवस्थापन प्रणाली पुरविली जाते आणि ती जिल्हा व राज्य सहकारी बँकांशी जोडली जाते. २०२३ मध्ये झालेल्या करारानुसार या संस्थांना सामाईक सेवा केंद्राची कामेही करता येतात. परिणामी ज्या संगणकावर पीककर्जाच्या नोंदी असतात, त्याच संगणकावर विमा, दाखले, देयके यांसाठी आलेल्या इतर ग्रामस्थांची माहितीही येते. एका कामासाठी घेतलेली माहिती दुसऱ्या कामासाठी न वापरणे हे हेतुमर्यादेचे तत्त्व येथे महत्त्वाचे ठरते.

कर्जमाफी योजनांत नोंदींच्या अचूकतेचे महत्त्व ठळकपणे दिसून आले. २०१७ च्या छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजनेत ऑनलाइन अर्ज मागविण्यात आले होते. अर्जांतील तपशील आणि बँकांकडील नोंदी जुळविताना अडचणी आल्या व अंमलबजावणी लांबली. डिसेंबर २०१९ मध्ये जाहीर झालेल्या महात्मा जोतीराव फुले शेतकरी कर्जमुक्ती योजनेत अर्ज न मागविता बँकांकडील माहितीच आधार मानण्यात आली. याद्यांत प्रत्येक कर्जखात्यास विशिष्ट क्रमांक देऊन आधार प्रमाणीकरण करण्यात आले. संस्थेच्या दप्तरातील नाव, आधार क्रमांक किंवा रक्कम चुकीची असेल, तर त्याचा परिणाम थेट शेतकऱ्याच्या लाभावर होतो. व्यक्तीविषयी निर्णय घेण्यासाठी किंवा दुसऱ्या संस्थेस देण्यासाठी वापरली जाणारी माहिती पूर्ण, अचूक व सुसंगत असावी, हे २०२३ च्या कायद्याने विश्वस्ताचे कर्तव्य मानले आहे. माहिती पाहण्याचा व दुरुस्त करून घेण्याचा अधिकारही त्याने व्यक्तीस दिला आहे.

सेनगाव परिसर

सेनगाव हे हिंगोली जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण आहे. १ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्याचे विभाजन होऊन हिंगोली जिल्हा अस्तित्वात आला. सहकारी पतपुरवठ्यासाठी मात्र दोन्ही जिल्ह्यांत परभणी जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकच कार्यरत आहे. सोयाबीन, हळद, तूर, कापूस व हरभरा ही परिसरातील प्रमुख पिके आहेत.

अशा तालुक्यात एका शेतकऱ्याची माहिती अनेक ठिकाणी विखुरलेली असते. विविध कार्यकारी संस्थेत त्याचे कर्ज असते आणि अडत दुकानात मालाची हिशेबपट्टी व उचल नोंदलेली असते. कृषी सेवा केंद्रात बियाणे-औषधांची उधारी असते, तर अनुदानित खताची विक्री पॉस यंत्रावर ओळख पटवून होते. २०२५ पासून राज्यातील कृषी योजनांसाठी शेतकरी ओळख क्रमांकही आवश्यक झाला आहे. यांपैकी प्रत्येक संस्था वा दुकानदार हा आपापल्या नोंदींपुरता स्वतंत्र विश्वस्त ठरतो. दुकान लहान आहे एवढ्या कारणाने कायद्यातून आपोआप सूट मिळत नाही. काही वर्गांना सूट देण्याचा अधिकार केंद्र सरकारकडे आहे.

लहान गावात बहुतेक लोक एकमेकांना ओळखतात. तेथे थकबाकीची यादी उघड होणे ही केवळ तांत्रिक चूक राहत नाही. तिचा परिणाम पत, सोयरीक आणि गावातील मान यांवर होऊ शकतो. आधार कार्डाची छायाचित्रे व्हॉट्सअॅपवरून मागविणे आणि ती कर्मचाऱ्याच्या खासगी भ्रमणध्वनीत राहू देणे, हा प्रकार कोणत्याही व्यवस्थापन प्रणालीच्या कक्षेबाहेर पडतो.

पारदर्शकतेशी संबंध

महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० नुसार सभासदास संस्थेचा लेखापरीक्षित ताळेबंद, सभासदांची यादी आणि स्वतःच्या व्यवहारांच्या नोंदी पाहण्याचा अधिकार आहे. विदा संरक्षणाचे कारण सांगून हा अधिकार नाकारता येत नाही. दुसरीकडे, २०२३ च्या अधिनियमाने माहितीच्या अधिकार कायद्यातील कलम ८(१)(ञ) मध्ये बदल करून वैयक्तिक माहितीस अधिक व्यापक अपवाद दिला. त्यामुळे लाभार्थी याद्या व सार्वजनिक खर्च यांची छाननी कठीण होईल, असा आक्षेप माहिती अधिकार कार्यकर्त्यांनी घेतला आहे. व्यापक सार्वजनिक हितासाठी माहिती देण्याची कलम ८(२) ची तरतूद कायम असल्याचे सरकारचे म्हणणे आहे.

मर्यादा

कोणतीही आज्ञावली स्वतः कायद्याचे पालन करीत नाही. ती केवळ पालनाचे साधन पुरविते. संमतीचा रकाना असला तरी सभासदास सूचना वाचून न दाखविता कर्मचाऱ्याने त्यात खूण केली, तर नोंद पूर्ण होते, पण संमती वैध ठरत नाही. अठरा वर्षांखालील व्यक्तीच्या माहितीसाठी पालकाची पडताळणीयोग्य संमती लागते. बालबचत खाती असलेल्या पतसंस्थांसाठी ही बाब महत्त्वाची आहे.

सुरक्षेची वाजवी काळजी न घेतल्यास दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये, तर माहितीभंग न कळविल्यास २०० कोटी रुपये आहे. ही मर्यादा मोठी कंपनी व गावची संस्था यांना सारखीच लागू आहे. तथापि रक्कम ठरविताना मंडळाने भंगाचे गांभीर्य, कालावधी, केलेली उपाययोजना आणि दंडाचा संबंधितावर होणारा परिणाम विचारात घ्यावयाचा असतो. दंडाची रक्कम भारताच्या संचित निधीत जमा होते. माहिती तंत्रज्ञान अधिनियमाच्या कलम ४३-अ खाली बाधित व्यक्तीस भरपाई मिळण्याची तरतूद होती. नव्या कायद्यात अशी भरपाई नाही आणि हे कलमही वगळण्यात येत आहे, यावर अभ्यासकांनी टीका केली आहे.

हे सुद्धा पाहा

माहितीचा अधिकार
आधार
महाराष्ट्रातील सहकारी चळवळ
हिंगोली जिल्हा