न लागलेला लाल दिवा

शनिवार, ३१ ऑगस्ट २०१९. सोमवारी गणेश चतुर्थी. गाडी १९६९ ची, फियाट ११०० डिलाइट, कुर्ल्याच्या प्रीमियरच्या कारखान्यातली. याच गाडीला पुढे पद्मिनी म्हणू लागले. गाडीत मी, आई आणि भाचा. जायचं होतं खेडजवळच्या आमच्या गावी. रात्री ८ वाजून २५ मिनिटांनी कशेडी घाटात जे घडलं, त्याची खबर मला दुपारीच मिळाली होती. मला ती वाचता आली नाही, एवढंच.

दुपारी १२.२५, चेंबूर. आठ तास आधी.
किल्ली फिरवली. ऑइलचा दिवा लागला. त्याच्या शेजारचा चार्जिंगचा लाल दिवा लागला नाही. मला बरं वाटलं. लाल दिवा नाही म्हणजे काळजी नाही!

खरं तर उलटं आहे. या दिव्याचं एक टोक बॅटरीकडे असतं, दुसरं डायनॅमोकडे. डायनॅमो थांबलेला असताना किल्ली दिली की दिव्यातून करंट जातो आणि तो लागतो. इंजिन चालू होऊन डायनॅमो वीज करू लागला की दोन्हीकडचा दाब सारखा होतो आणि तो विझतो. म्हणजे आधी लागायचं आणि मग विझायचं, ही त्याची नोकरी. आमचा बल्बच उडालेला होता. डायनॅमोला स्वतःला या बल्बची गरज नसते, त्यामुळे गाडीनेही कुरकुर केली नाही.

दोन आठवड्यांपूर्वी बॅटरी उतरली होती. मीच मेकॅनिकला म्हणालो, "जुनी झाली असेल, नवीनच टाका." ती का उतरली, हे मी विचारलं नाही, त्यानेही पाहिलं नाही.

दुपारी २.५०, पेण. साडेपाच तास आधी.
गणपती ताब्यात घेतला. शाडूची दीड फुटी मूर्ती, चेहऱ्यावर रुमाल. आईने मागच्या सीटवर उशा लावून ती बसवली आणि पाटाला एक हात धरून शेजारी बसली. स्टार्टर मारला तर तो नेहमीपेक्षा एक गचका जास्त कुंथला. नवीन बॅटरी, अडीच तासांचा प्रवास झालेला; खरं तर ती टम्म भरलेली असायला हवी होती. "पावसाने गारठली असेल," मी म्हणालो.

दुपारी ४.४०, नागोठण्याच्या अलीकडे. पावणेचार तास आधी.
सगळे चाकरमानी एकाच रस्त्यावर. गाड्या मुंगीच्या पावलाने सरकत होत्या. जुना डायनॅमो इंजिन नुसतं घुटमळत असताना धड चार्ज करतच नाही. त्याला फेरे लागतात. आमच्या डायनॅमोचे कार्बन ब्रश तर झिजून खुंट झाले होते, वेगात असताना जेमतेम टेकत होते. इग्निशन, वायपर, दर दोन मिनिटांनी ब्रेकलाइट, सगळं बॅटरीतून चाललं होतं. डायनॅमो म्हणजे पगार आणि बॅटरी म्हणजे ठेव. पगार थांबला तरी ठेव मोडून घर चालतं, आणि दारातून बघणाऱ्याला काही कळत नाही.

संध्याकाळी ६.४५, लोणेरे. एक तास चाळीस मिनिटं आधी.
हेडलाइट लावले.

इथून हिशोब बदलला. दिवसा अशी गाडी इग्निशनपुरते तीन-चार अँपिअर खाते; बॅटरी भरलेली असेल तर डायनॅमो मेला तरी कित्येक तास धावते. रात्री हेडलाइटचे सात-आठ, टेललॅम्पचे एक-दोन आणि वायपरचे दोन-तीन त्यात मिळवा. खर्च चौदाच्या घरात जातो. माझी बॅटरी चाळीस अँपिअर-तासांची. तोवर निम्मी उरली असं धरलं, तर वीसला चौदाने भागा. दीड तासही होत नाही. आमच्यापुढे घाट होता तेवढ्याच अंतरावर.

७.३०, महाड. पंचावन्न मिनिटं आधी.
चहाला थांबलो. भाचा गाडीसमोर उभा राहून म्हणाला, "मामा, दिवे पिवळे का दिसतायत?"

"जुन्या गाडीचे असेच असतात."

"आपल्याकडे मीटर आहे ना? लावून बघूया?"

होता. डॅशबोर्डच्या खणात, दोनशे रुपयांचा, माझ्याच हाताने ठेवलेला. इंजिन बंद असताना भरलेली बॅटरी १२.६ व्होल्ट दाखवते. इंजिनला रेस दिली की आकडा १४ च्या आसपास चढायला हवा. चढला नाही तर चार्जिंग नाही, इतकी सोपी ही परीक्षा. मीटर नसेल तर भिंतीवर हेडलाइट पाडून रेस द्यावी. उजेड वाढला तर डायनॅमो जिवंत. महाडात गॅरेजं उघडी होती, लॉजवर खोल्याही मिळाल्या असत्या.

"भर पावसात बॉनेट कुठे उघडतोस? घरी गेल्यावर बघू." हे मी बोललो, आणि त्या दिवसातला शेवटचा चांगला थांबा मागे टाकला.

८.००, पोलादपूर. पंचवीस मिनिटं आधी.
रांगेत इंजिन बंद पडलं. किल्ली फिरवली तर नुसतं 'टक्'. बाजूची चार पोरं आली, "गणपती बाप्पा मोरया" म्हणत धक्का मारला, दुसऱ्या गिअरला गाडी उचलली. मी हात हलवून आभार मानले. स्टार्टरला शंभरावर अँपिअर लागतात, स्पार्कला तीन-चार पुरतात. म्हणून धक्क्यावर गाडी निघते. निघाली याचा अर्थ बरी झाली असा नसतो, पण मला तसंच वाटलं.

८.१५, कशेडी घाट. दहा मिनिटं आधी.
वायपर काचेच्या मधोमध येऊन विचार करू लागले. हॉर्न घोगरा झाला. व्होल्टेज थोडं उतरलं तरी बल्बचा उजेड त्याच्या कितीतरी पट उतरतो. आमचे हेडलाइट आता दोन पणत्या होते. आई मागून म्हणाली, "हळू घे रे." हळू घेतलं की फेरे कमी आणि चढ तर समोरच.

८.२५.
इंजिनने तीन ठोके चुकवले आणि ते थांबलं. वळण संपतं तिथेच, डाव्या कडेला. हॅंडब्रेक ओढला, चाकामागे दगड लावला. या गाडीला चारही इंडिकेटर एकदम लुकलुकायची सोय नाही. असती तरी लावायला वीज कुठे होती? आईला छत्री देऊन कठड्यापलीकडे उभं केलं. ती मूर्ती घ्यायला वाकली तेव्हा मीच म्हणालो, "राहू दे आत. पावसात शाडू विरघळेल."

भाचा मोबाइलचा टॉर्च हलवत वळणाकडे धावला. पोचायच्या आत टेम्पो वळला. त्याने ब्रेक दाबला, पण रस्ता ओला होता, आणि गडद निळी गाडी अंधारात त्याला दिसणार तरी कशी? धडक, पत्र्याचा आवाज आणि मग फक्त पाऊस. माणसं तिन्ही शाबूत होती.

मागची सीट पुढच्या सीटला टेकली होती. रुमाल जागच्या जागी होता. खाली सोंड तुटलेली, उजवा हात मनगटापासून वेगळा.

खंडित मूर्ती पुजत नाहीत. रविवारी सकाळी जगबुडी नदीत तिचं विसर्जन केलं, चतुर्थीच्या एक दिवस आधी. दुपारी खेडच्या वायरमनने डायनॅमो उतरवला, कार्बन तळहातावर घेऊन दाखवले. नखाएवढे उरले होते. नवे बसवायला त्याला अर्धा तासही लागला नाही. मग डॅशबोर्डमागे हात घालून तो उडालेला बल्ब काढला, काळवंडलेला, वाटाण्याएवढा. "हा कधी गेला?" त्याने विचारलं. मला सांगता आलं नाही. न लागणाऱ्या दिव्याची तारीख कोण लिहून ठेवतो?

त्या वर्षी मखरात तांदळाच्या राशीवर सुपारीचा गणपती बसला. आरतीला आलेल्या प्रत्येकाला आई तेच सांगत होती, "लहान आहे, पण याचा हात मोडायची भीती नाही." आणि सांगताना एकदाही माझ्याकडे पाहत नव्हती.