अर्धवट उमटलेला शब्द

संगणकाची कळ दाबली जाते तेव्हा त्याची कार्यकारी स्मृती कोरी असते. ऑपरेटिंग सिस्टिम असते चकतीवर. ती तेथून उचलून स्मृतीत आणायची, तर ते काम करणारी एखादी आज्ञावली आधीच स्मृतीत असायला हवी. मग तिला कोण आणणार? आपल्याच बुटांचे पट्टे ओढून स्वतःला वर उचलण्यासारखा हा प्रकार. ‘बूट होणे’ हा शब्दप्रयोग या कल्पनेवरूनच रूढ झाला. १९७५ च्या अल्टेअर ८८०० या संगणकात पहिल्या काही आज्ञा माणसालाच दर्शनी पट्टीवरचे खटके वरखाली करून भराव्या लागत.

१९८१ च्या आयबीएम पीसीत हे काम बायोसकडे आले. बायोस म्हणजे चिपमध्ये कायमची साठवलेली छोटी आज्ञावली. ती चकतीचा पहिला सेक्टर, म्हणजे ५१२ बाइट, स्मृतीत आणते आणि पुढचा कारभार त्याच्यावर सोपवते. हार्ड डिस्कच्या या सेक्टरमधील ६४ बाइट विभागांच्या तक्त्यासाठी आणि शेवटचे २ बाइट ओळखखुणेसाठी राखलेले असतात. आज्ञांसाठी उरतात ४४६ बाइट. एका अक्षराला एक बाइट धरला, तर त्यात हा एक परिच्छेद मावेल, एवढेच.

१९९१ साली लिनस टोरवाल्ड्स यांनी लिनक्स जाहीर केले. सुरुवातीला ते फ्लॉपीवरून सुरू करत. ते हार्ड डिस्कवरून सुरू व्हावे म्हणून वर्नर आल्मेसबर्गर यांनी १९९२ मध्ये ‘लिलो’ लिहिले. एवढ्याशा जागेत सविस्तर त्रुटिसंदेश ठेवणे शक्य नव्हते. त्यावर त्यांनी साधी तोड काढली. लिलोच्या रोमन नावात चार अक्षरे आहेत : एल, आय, एल, ओ. एकेक टप्पा पार पडला की एकेक अक्षर पडद्यावर उमटवायचे. काहीच उमटले नाही, तर लिलोपर्यंत कारभार पोचलाच नाही. नुसते ‘एल’ उमटले, तर पहिला भाग सुरू झाला पण त्याला दुसरा भाग वाचता आला नाही. शेजारचा आकडा वाचनातील दोष सांगतो. ‘एल-आय’वर गाडी अडली, तर दुसरा भाग स्मृतीत आला पण चालू झाला नाही. तीन अक्षरांवर थांबली, तर दुसरा भाग चालू झाला पण त्याला आवश्यक नोंदी मिळाल्या नाहीत. चारही अक्षरे आली, तर लिलोची तयारी पूर्ण झाली. म्हणजे अर्धवट शब्द हेच रोगाचे निदान!

सर्वांत बुचकळ्यात टाकणारा प्रकार असा, की लिनक्सची स्थापना निर्विघ्न पार पडायची आणि संगणक पुन्हा सुरू केला की पडद्यावर ‘एल-आय’. याचे मूळ बायोसमध्ये होते. बायोसला चकतीवरील जागा सिलिंडर, हेड आणि सेक्टर अशा तीन आकड्यांनी सांगावी लागे. सिलिंडरसाठी १० बिट, म्हणजे १०२४ सिलिंडर. सेक्टरसाठी ६ बिट, पण मोजणी एकपासून, म्हणून ६३. आयडीई चकत्यांच्या पद्धतीत हेड जास्तीत जास्त १६. गुणाकार करून पाहा : १०२४ × १६ × ६३ × ५१२ = ५२,८४,८२,३०४ बाइट. त्यापलीकडे बायोसला दिसत नसे. पुढे हेडचा आकडा २५५ पर्यंत वाढवून दाखवण्याची युक्ती निघाली आणि मर्यादा सुमारे ८४२ कोटी बाइटवर गेली.

लिनक्स एकदा चालू झाले की चकतीशी थेट बोलते. बायोसची ही मर्यादा त्याला लागू नसते. त्यामुळे स्थापनेच्या वेळी ते आपला कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, चकतीच्या दूरच्या टोकालाही ठेवू शके. पण पुढच्या वेळी कळ दाबल्यावर लिलोला बायोसच्याच डोळ्यांनी पाहावे लागे. शिवाय हेडचा आकडा बायोस एक आणि लिनक्स दुसराच धरत असेल, तर पत्ता बरोबर लिहूनही चुकीचे घर उघडे. म्हणून चकतीच्या आरंभी एक लहान विभाग करून त्यातच कर्नल ठेवण्याचा सल्ला दिला जाई.

सीडीची गोष्ट वेगळी होती. १९८८ च्या आयएसओ ९६६० या मानकाने सीडीवर फाइली कशा ठेवायच्या ते ठरवले, पण सीडीवरून संगणक सुरू कसा करायचा हे ठरले १९९५ मध्ये, फिनिक्स आणि आयबीएम यांच्या ‘एल टोरिटो’ या मानकाने. तोवर लिनक्स सीडीवर असले, तरी संगणक सुरू करायला फ्लॉपीच लागे. भारतात ‘पीसी क्वेस्ट’ मासिकाने १९९६ पासून लिनक्सच्या सीडी वाचकांना दिल्या, तेव्हाही अनेक संगणकांचे बायोस जुनेच होते. काही वेळा कर्नल सुरू होई, पण ज्या सीडीवरून पुढचे वाचायचे तीच त्याला सापडत नसे. कारण त्या काळी कित्येक सीडी-ड्राइव्ह साउंड कार्डाला जोडलेले असत आणि प्रत्येकासाठी वेगळी चालक-आज्ञावली लागे. १९९३ पासून मिळणाऱ्या स्लॅकवेअरमध्ये म्हणूनच निरनिराळ्या ड्राइव्हसाठी निरनिराळ्या बूट-फ्लॉपी होत्या.

घरी सीडी लिहिणे सोपे झाल्यावर नवी चूक आली. सीडीची प्रतिमा-फाइल चकतीवर उलगडून न लिहिता नुसती फाइल म्हणून नकलली जाई. अशी सीडी चालू संगणकात उघडली तर तीत एकच मोठी फाइल दिसते. बूट करायला लागणारी नोंद ठरलेल्या जागी नसल्याने बायोस तिच्याकडे दुर्लक्ष करून हार्ड डिस्ककडे वळते.

अशा वेळी धोका दोषापेक्षा घाईचा असे. घरातला किंवा शाळेतला एकमेव संगणक, पडद्यावर दोनच अक्षरे, आणि जुने विंडोजही सुरू होईना. मग ‘सगळे गेले’ असे समजून चकती पुसून टाकली जाई. वस्तुतः बहुतेकदा बदललेली असत ती पहिल्या सेक्टरमधील आज्ञांची ४४६ बाइटची जागा. उत्तरपत्रिका, गुणपत्रके जिथल्या तिथे असत. डॉसच्या एफडिस्क आज्ञेला एक पुस्ती जोडली की तेवढीच जागा पुन्हा लिहिता येई. अक्षरांचा अर्थ माहीत असणे म्हणजे वर्षभराचे काम वाचणे होते.

लिलोचा विकास २०१५ मध्ये थांबला. आज यूईएफआय या पद्धतीत ५१२ बाइटची अडचण उरलेली नाही. मात्र २०१२ मध्ये विंडोज ८ बरोबर सर्वत्र पोचलेल्या ‘सिक्युअर बूट’मुळे नवी पायरी वाढली : मान्य स्वाक्षरी नसलेली आज्ञावली, ती निर्दोष असली तरी, अडवली जाते. कारणे बदलली, शोधाची रीत तीच आहे. यंत्र कुठवर पोचले ते आधी पाहावे, तेथवरच्या पायऱ्या निर्दोष धराव्यात आणि एका वेळी एकच गोष्ट बदलावी. प्रयोगशाळेतला विजेचा दिवा पेटला नाही, तर विद्यार्थ्यांकडून आपण हेच करून घेतो.